थोरलीचा हात, धाकटीचा कान

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई रविवारी सुईदोरा घेऊन बाहुल्या शिवत बसल्या, तेव्हा नवऱ्याने चष्म्यावरून पाहिलं.

"नातवंडांचा पत्ता नाही, आणि तुझी तयारी जोरात!"

"गप्प बसा, नाहीतर तुमचंही तोंड शिवीन."

बाहुल्या त्यांनी पोटाला पोट लावून शिवल्या. हॉस्पिटलात तशाच दोन चिमुरड्या बहिणी होत्या, जन्मापासून छातीपोटाशी जोडलेल्या. जन्म एकदमच झाला, तरी आईने एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी ठरवून टाकलं होतं. धाकटीच्या हृदयाला भोक होतं आणि दोघींचा भार ओढून थोरलीचं हृदय थकत चाललं होतं. भोक बुजलं नाही तर दोघीही हातच्या जाणार होत्या.

बाहुल्यांवर बाईंनी सगळ्यांकडून ऑपरेशनची तालीम करून घेतली. थोरलीच्या नळ्यांना लाल पट्टी, धाकटीच्या निळी, टोप्यासुद्धा लाल-निळ्या. सर्जन हसले.

"हसा, पण आपापल्या जागेवर उभे राहून हसा," बाई म्हणाल्या.

आईचं एकच मागणं होतं. "दोघींना एकदम झोपवा हो. थोरली धाकटीचा कान धरूनच झोपते. एकटी जागी कधी राहिलीच नाही."

तेच तर अवघड होतं. दोघींचं रक्त एकमेकींत मिसळायचं. एकीला दिलेलं औषध दुसरीत किती उतरेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी थेंबाथेंबाने औषध सोडलं, एकीला देत, दुसरीचे डोळे बघत. चारही डोळे मिटले. कानावरचा तो इवलासा हात मात्र बाईंनी एकेक बोट उचलत सोडवला.

ऑपरेशन पार पडलं, भोक बुजलं. दुसऱ्या दिवशी भूल उतरवली. थोरली जागी झाली. धाकटी हलेना.

"थोडा वेळ द्या," सर्जन म्हणाले. बाईंचा जीव टांगणीला लागला. थोरलीचं औषध हिच्यात जास्त तर उतरलं नाही ना? आपलाच अंदाज चुकला असेल का?

थोरलीचा हात धाकटीच्या डोक्यावर काहीतरी चाचपत होता. निळी टोपी कानांखाली ओढलेली होती. बाईंनीच घातलेली.

"अगं, माझंच डोकं ठिकाणावर नाही," त्या पुटपुटल्या आणि टोपी काढली.

थोरलीने कान पकडला आणि चांगला ओढला. धाकटीच्या कपाळावर आठी पडली. मग खालचा ओठ बाहेर आला. घशात नळी, त्यामुळे आवाज नाही, पण रडं अगदी खरं.

बाई बाहेर धावल्या. आई भिंतीला टेकून उभी होती.

"धाकटी रडतेय," एवढं बोलून बाईच रडू लागल्या.

आईने पदराने त्यांचे डोळे पुसले. "थोरलीने कान ओढला असेल."