ज्याच्यावर लेख, त्याच्या दारी

दिवाकर आमच्याकडे शेवटचा आला तो दिवेलागणीला. दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत टेकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "तुह्यावर लिहून राह्यलो, गड्या." काय ते विचारलं, तर सांगण्याआधी स्वतःच हसत सुटला. इतका की धाप लागली... "पुरा झाला का ऐकवाले येतो," म्हणून उठला. त्याच आठवड्यात झोपेतच गेला. वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा, देवा शपथ, माझ्या मनात आधी तो लेखच आला.

बाप पुलगावच्या गिरणीत, घर नाचणगावात, स्वतः दारूगोळ्याच्या डेपोत कारकून. आणि हा माणूस इंग्रजीत विनोदी लिहायचा. दिल्ली-कोलकात्याची वर्तमानपत्रं छापायची. त्या लेखांत आमचं अख्खं गाव होतं. एसटी थांबवून कंडक्टरला शेजारणीची चुगली सांगणाऱ्या कौसल्याबाई होत्या. प्रत्येक शोकसभेत फक्त नाव बदलून एकच भाषण ठोकणारे रामकृष्णजी होते. "इंग्रजीत काऊन लिहितं?" मी एकदा विचारलं होतं. "मराठीत लिहिलं तर गाव राहू देईन का मले?" मी ते खरं धरलं. आर्वीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा मी, गावातला त्याचा एकुलता वाचक. हे गुपित मी जन्मभर मिरवल्यासारखं जपलं.

म्हणून विहारात त्याच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत "दिवाकरनं काय लिहिलं ते मराठीत सांगा, सर," असं गावातल्या पोरांनी म्हटल्यावर मी पेचात पडलो. समोर पांढऱ्या कपड्यांत सगळी त्याची पात्रंच बसलेली. सांगावं तर मेलेल्या मित्राची अब्रू जाते, न सांगावं तर त्याचं लेखन... मी घसा खाकरत असतानाच रामकृष्णजी उठले. हात जोडून नेहमीचं पहिलं वाक्य म्हणाले आणि थांबले.

"हे भाषण आता मले नाई करता येत," ते म्हणाले. "दिवाकरनं यावरच लिहिलं अन् माह्या ओट्यावर बसून मलेच ऐकवलं. हसून हसून पोट दुखलं माहं." आणि मग त्यांनी तो लेख सांगितला, वऱ्हाडीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. विहारात रडता रडता लोक हसले. कौसल्याबाई म्हणाल्या, "माह्या नाकावर लिहिलं होतं त्यानं. मी म्हटलं, ते काढ. त्यानं काढलं."

मी थक्क झालो. माझ्या कपाटातल्या त्याच्या लेखांच्या पुस्तकात खरंच कुठे ते नाक नाही. ज्याच्यावर लिहायचं त्याच्या दारी जाऊन, आधी त्याला हसवून, मगच लेख पोस्टात टाकायचा! वर्गात विनोद शिकवण्यात माझी हयात गेली, पण एवढी छाती माझी कधी झाली नसती. मी त्याचा एकुलता वाचक नव्हतो. उलट गावात ज्याला स्वतःवरचा लेख ऐकायला मिळाला नाही, असा बहुधा मीच.

"तुमच्यावरचा कागद नाई सापडला, भाऊजी," वहिनी परवा म्हणाल्या. "डोक्यातच असन त्यायच्या."

खुर्ची अजून दाराजवळच आहे. संध्याकाळी मी समोर बसतो आणि त्या दिवशी तो कशाला हसला असेल ते आठवून पाहतो. हसण्यासारखं माझ्यात पुष्कळ निघतं. पण त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे विचारायला आता कोणी येत नाही.