एका खोडावर दोन नावं

रविवारी दुपारी आम्ही फणस फोडला. मागच्या पडवीत, गोणपाट अंथरून. कापा फणस, चांगला भरलेला. मी कोयत्यानं त्याचे उभे दोन भाग केले आणि सायली हाताला खोबरेल चोपडून गरे काढायला बसली. सायली म्हणजे माझी सून. मुलगा दिनेश बोटीवर असतो, वर्षातला बराच काळ पाण्यावरच, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. गरे काढता काढता ती म्हणाली, "तात्या, कोयत्याला तेल लावून आत्ताच पुसा. चीक सुकला की मग बोंबलत बसाल." मी म्हटलं, "पुसतो गो, तोंडात गरा हाय." पुसला नाही. मग चहा झाला, तिनं आठळ्या धुऊन सुपात वाळत टाकल्या, उद्या भाजीत घालते म्हणाली... आणि सोमवारी दुपारी रत्नागिरीत, तिच्या कामाच्या खोलीत, एका माणसानं तिच्या डोक्यात लोखंडी सिलिंडर घातला. आग विझवायचा लाल सिलिंडर असतो ना भिंतीवर, तो. असं उघडंनागडं लिहू नये म्हणतात. पण झालं ते असंच झालं. पेपरात 'महिला कर्मचाऱ्यास मारहाण' असं छापलं होतं. मारहाण म्हणजे काय, मला माहीत आहे. तिला ठार मारलं.

मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्यभर लोकांच्या बागेत आंब्याची कलमं बांधली, त्यावर घर चाललं. माझी बायको कंबर मोडून पडली तेव्हा तिच्या एक्स-रेच्या फिल्म आम्ही गादीखाली ठेवल्या होत्या. पावसाळ्यात त्या एकमेकींना अशा चिकटल्या की डॉक्टरनं ओढून सोडवल्यावर नुसते पांढरे डाग उरले. बायको त्याच दुखण्यात गेली. फिल्म चिकटल्या म्हणून गेली असं मी म्हणत नाही. पण सायलीच्या मनात ते बसलं. तेव्हा ती शहरातल्या एका दवाखान्यात केसपेपर फाडायला खिडकीवर होती. पुढं तिथं मोठी मशीन आली, फिल्म बंद झाल्या, फोटो सगळे कॉम्प्युटरवर जायला लागले, आणि ते सांभाळायला शिकलेलं माणूस हवं झालं. ही म्हणाली मी जाते. कोल्हापूरला जाऊन राहिली, शिकली. वाडीत लोक म्हणाले, नवरा बोटीवर, सून कोल्हापुरात, म्हातारा चुलीशी. मी म्हटलं, चूल माझी, धूर तुमच्या डोळ्यात का जातोय.

सुट्टीला आली की मला शिकवायची. म्हणजे शिकवून स्वतः पाठ करायची. फोटो काढणारा वेगळा, फोटो बघून आजार सांगणारा डॉक्टर वेगळा, आणि ही मधली. फोटो हरवता नये, दुसऱ्याच्या नावावर जाता नये, नको त्याच्या हातात पडता नये, आणि कुणी कितीही सांगितलं तरी पुसता नये. एवढं तिचं काम. त्यातून एक सवय लागली तिला. रात्रीची बीपीची गोळी हातात द्यायच्या आधी विचारायची, "पूर्ण नाव सांगा. जन्मसाल सांगा. आईचं नाव सांगा." मी शिव्या घालायचो. "घरात दुसरा कोण म्हातारा हाय गो?" ती म्हणायची, "विचारल्याशिवाय द्यायचं नाय, तात्या. नियम हाय." मासेवालीलासुद्धा विचारून झालं होतं तिचं. ती बाई म्हणाली, बांगडे घ्यायचेत का माझं लग्न जमवायचंय.

आता नावाची गोष्ट. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. हिचं माहेरचं नाव रेश्मा. आम्ही सायली ठेवलं. तिच्या शाळेच्या दाखल्यावर रेश्मा, आधार कार्डावर सायली. कोल्हापुरात मास्तरनं विचारलं, बाई, तुम्ही नक्की कोण? वर्गात सगळे हसले. तीपण हसली, आणि म्हणाली, सर, आमच्या रत्नागिरीत निम्म्या बायका अशाच, तुमचा कॉम्प्युटर एका बाईच्या दोन बाया करील. मास्तरनं तोच धडा घेतला. एकाच बाईचे फोटो दोन नावांवर पडले तर ते कसे ओळखायचे, खात्री कशी करायची, आणि डॉक्टरची सही घेऊन एकत्र कसे जोडायचे. मला तिनं ते सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे कलम बांधायचं. खाली रायवळ, वर हापूस, झाड एक. तिला ते इतकं आवडलं की कामावर सगळे त्याला कलमच म्हणायला लागले.

कामावर ती दाखल्यावरच्या नावानं, रेश्मा मॅडम. शिकून आल्यावर एकदा सायकलवरून पडून मनगट दुखावलं, त्याचा फोटो मात्र तिथंच सायली नावावर, आधार कार्ड दाखवलं म्हणून. मी म्हटलं, मग तुझं तूच कलम बांध की. म्हणाली, "आपलं आपण नाय बांधायचं. स्वतःच्या फोटोला हात लावायचा नाय. दुसऱ्या कुणी तरी तपासून बांधायचं." म्हणून तिच्या दोन बाया तशाच राहिल्या.

ज्यानं तिला मारलं तो जयगडच्या रस्त्याला राहतो. दोन डंपर आहेत, माणसं बाळगून असतो. नाव मी लिहिणार नाही, ते माझ्या तोंडात आलं की थुंकावं लागतं. त्याची बायको हात मोडून आली होती. विहिरीवर घसरली, असं त्यानं सांगितलं. सायलीला फोटोत नव्या मोडीच्या वर एक जुनी मोड दिसली, वाकडी भरून आलेली. हाडावर काय आहे ते सांगणं डॉक्टरचं काम, पण जुना फोटो शोधून देणं हिचं. बायकोच्या नावावर जुना फोटोच नव्हता. तेव्हा नवरा बाहेर बिडी ओढायला गेल्यावर हिनं तिला विचारलं, "ताई, माहेरचं नाव काय?" बाई रडायला लागली. माहेरच्या नावावर फोटो होते. हात, बरगड्या, जबडा. तिचा भाऊ वेळोवेळी आणून गेला होता, बहिणीच्या संसाराला बोल नको म्हणून माहेरचं नाव लावून. डॉक्टरांनी सगळं ताडून सही केली, हिनं जोडलं. एका बाईची सगळी हाडं एका रांगेत आली. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. घरी येऊन ही मला एवढंच म्हणाली, "आज एक कलम बांधलं, तात्या. जगलं पायजे." कुणाचं ते सांगितलं नाही. नको त्याच्या कानावर जाता नये, हा नियम तिचा घरातपण होता. मला हे सगळं ती गेल्यावर कळलं.

त्या माणसाला पोलिसांनी नेलं आणि लगेच सोडलं. फोटो कुणी जोडले ते त्याला तिथंच कळलं. सोमवारी तो सरळ तिच्या खोलीत शिरला. तिच्या हाताखाली शिकणारी प्राजक्ता नावाची मुलगी तिथं होती, तिनं मला जसं सांगितलं तसं लिहितो. तो म्हणाला, "जोडलंस ते वेगळं कर." ही म्हणाली, "नाय होत." त्यानं मॉनिटर उचलून भिंतीवर फेकला. ही म्हणाली, "फोटो त्यात नसतात." त्यानं हिचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "वेगळं कर." तोंडातून रक्त येत होतं, तरी ही म्हणाली, "एकच बाई हाय ती, दोन कशा करू." मग त्यानं भिंतीवरचा सिलिंडर काढला. एकदा मारून थांबला नाही... प्राजक्ता मध्ये पडली तर तिचा खांदा निखळला. लोक धावले तसा तो पळाला.

मी पोचलो तेव्हा सायलीला तिच्याच दवाखान्यातल्या फोटोच्या मशीनमधून काढून आत नेलं होतं. संध्याकाळी ती गेली. मला आत सोडलं. डोक्याला पट्ट्या, चेहरा सुजून काळा पडलेला, कुणाची पोर आहे ते ओळखू येईना. हातावरून ओळखलं. नखांच्या कडेला फणसाचा चीक होता. दिनेशला बोटीवर निरोप गेला, पण त्याला यायला दिवस लागणार होते. पोस्टमॉर्टेम व्हायचं म्हणून तिला तिथंच ठेवून मला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी कोयता कापडी पिशवीत घातला. खोटं कशाला लिहू. मी त्याला मारायला निघालो होतो. कुठं मारायचं तेसुद्धा ठरवलं होतं, ज्या हातानं केस धरले तो हात आधी, मनगटातून. आयुष्यभर फांद्या छाटल्यात, हात थरथरत नाही माझा. रात्री तो घरी येऊन गेला, हे वाडीतल्या एकानं सांगितलं होतं. पोलिसांना सापडत नव्हता, मला सापडला असता. तिठ्यावर उभा राहिलो. एक गाडी जयगडला जाते, एक रत्नागिरीला.

तेवढ्यात प्राजक्ताचा फोन आला. म्हणाली, "तात्या, लग्नाचा दाखला आणि मॅडमचा शाळेचा दाखला घेऊन या. काल घाईत आम्ही त्यांच्या डोक्याचा फोटो रेश्मा नावावर काढला. पोलिसांच्या कागदावर सायली हाय. ते विचारतायत ही बाई कोण." मी म्हटलं, "मग सांगा की." ती म्हणाली, "सांगून नाय होत, तात्या. कागद बघून जोडायला पायजे. तो तर म्हणतच होता, दोन कर... आता आपणच दोन ठेवायच्या?"

जयगडची गाडी आली आणि गेली. मी घरी परतलो, तिच्या साड्यांखालचे दाखले काढले आणि रत्नागिरीच्या गाडीत बसलो. कोयता पिशवीतच होता. दवाखान्याच्या दारात नवीन वॉचमननं पिशवी उघडून बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "आजोबा, हा माझ्याकडं ठेवू काय?" मी दिला.

फरशी धुतलेली होती. भिंतीवरचे दोन खिळे तेवढे रिकामे. प्राजक्ता एक हात झोळीत अडकवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसली होती, शेजारी डॉक्टर उभे. तिनं विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव सांगा. जन्मसाल सांगा. आईचं नाव सांगा." मी सांगितलं. शेवटी विहीणबाईंचं नाव. तिनं दाखले ताडले, डॉक्टरांनी सही केली. मग प्राजक्तानं विचारलं, "तात्या, मूळ नाव कुठलं धरू?" मी म्हटलं, "रेश्मा. सायली आम्ही बांधलेली. दोन्ही राहूदे, एका खोडावर." तिनं बटण दाबलं. पडद्यावर जुनं मनगट आणि कालचं डोकं एकाखाली एक आलं. मी बघितलं. डोळे मिटले नाहीत.

तो माणूस पुढं खाडीपलीकडं पकडला गेला, आत आहे. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. त्याची बायको माहेरी आहे, आणि तिचे फोटो जोडलेलेच आहेत.

त्या दिवशी पोस्टमॉर्टेम उरकल्यावर मी बाहेर आलो तर वॉचमननं कोयता पुढं केला. पात्यावर फणसाचा चीक सुकून काळा झाला होता. मी धोतराच्या सोग्यानं पुसून बघितला. तेलाशिवाय निघत नाही तो. तसाच पिशवीत घातला आणि सुनेला घरी न्यायला मागच्या दाराकडं गेलो.