अर्धी प्रदक्षिणा

खोब्रागडे भेटले की आधी तुमच्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालत. मग तुमच्या डाव्या हाताला येऊन खांद्याला खांदा लावून उभे राहत आणि म्हणत, "आल्झो, बोला." जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या ट्रामथांब्यावर पहिल्यांदा त्यांनी हे केलं तेव्हा मला वाटलं, माझ्या कोटाला मागून काही लागलंय की काय. खरी गोष्ट अशी की त्यांचा डावा कान कारखान्यातल्या कॉम्प्रेसरांनी केव्हाच खाऊन टाकला होता. जे ऐकायचं ते उजव्याने. ओळख वाढल्यावर मी एकदा म्हणालो, "अहो, प्रदक्षिणा घालायला मी काय देव आहे?"

"देव कुठं बोलते, भाऊ?" ते म्हणाले. "तुमी बोलता, म्हणून उजवीकडे घ्या लागते."

ते चंद्रपूरकडचे. ऱ्हाइनच्या काठी त्या अवाढव्य रासायनिक कारखान्यात आयुष्य गेलं तरी त्यांची बोली तसूभर हलली नव्हती. फक्त तिच्यात जर्मन शब्द येऊन बसले होते. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आल्झो'ने, म्हणजे आपल्या 'तर मग'ने. इतकी, की त्यांनी पाळलेल्या तपकिरी पिलाला तेच आपलं नाव वाटू लागलं. खोब्रागडे फोनवर कोणाला "आल्झो..." म्हणाले की पिल्लू धावत येऊन पायाशी बसायचं. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनींनी बरीच चांगली नावं सुचवली होती. शेवटी त्यांनी हात टेकले. कुत्र्याचं नाव आल्झोच राहिलं.

हा आल्झो शोभेचा कुत्रा नव्हता. जखमी जनावराचा माग काढायला शिकवलेला होता. ते कसं झालं, हे मला सांगायलाच हवं, कारण त्या दिवशी गाडी मी चालवत होतो.

कायझर्सलाउटर्नहून एका बारशाचं जेवण करून आम्ही परतत होतो. संध्याकाळ होती, दोन्हीकडे जंगल. एक हरीण झाडीतून निघालं आणि माझ्या गाडीवर आदळलं. मेलं नाही. मागचे पाय गेले होते आणि पुढच्या पायांवर ते रस्त्याकडेच्या गवतात सरपटत होतं. इथे अशा वेळी पोलिसांना कळवायचं असतं. ते त्या भागातल्या शिकाऱ्याला बोलावतात आणि तो गोळी घालून जनावराला वेदनेतून सोडवतो. त्या दिवशी शिकारी यायला फार वेळ लागला. मी गाडीत हीटर लावून बसलो होतो. खोब्रागडे बाहेर, हरणापासून थोड्या अंतरावर, ओल्या गवतात बसून राहिले. सगळं आटोपल्यावर गाडीत येऊन म्हणाले, "ते मायाकडे पाहून राहिलं होतं, भाऊ. अन् माया हातात काहीच नव्हतं."

निवृत्त झाल्यावर त्यांनी शिकाऱ्याची परीक्षा दिली. इकडे ती परीक्षा इतकी अवघड की लोक तिला हिरवी बारावी म्हणतात. रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस बंदूक घेतो म्हटल्यावर आमच्या मराठी मंडळात खसखस पिकली. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "पहिलं शील, जीव न घेण्याचं, मी रोज म्हणतो. ज्या दिवशी गोळी चालवली त्या दिवशी दोनदा म्हणतो." धडधाकट जनावरावर त्यांनी कधी बंदूक उचलली नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण पुढचे दोन हिवाळे बहुतेक वेळा मी बरोबर होतो. पोलिसांचा फोन आला की ते मला उठवत. उजाडता उजाडता आम्ही त्या जागी पोचायचो. आल्झो पुढे, लांब दोरीवर, मागे खोब्रागडे, त्यांच्या मागे थर्मास घेऊन मी. काटेरी झुडपात शिरल्यावर कानावर घालायचं संरक्षक झाकण फांदीला अडकून निघायचं. ठेवलं तर कुत्र्याचा श्वास ऐकू यायचा नाही, आणि जखमी रानडुक्कर कुठून अंगावर येईल ते कळायचं नाही. म्हणून ते उघड्या कानाने जात आणि उघड्या कानाने गोळी झाडत.

मग कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उजवा कानही चाललाय. अशा आणखी काही गोळ्या, की संपलं.

"मंग सोडा ना हे," मी म्हणालो. त्यांच्याशी बोलताना माझी पुणेरीही थोडी वाकायची.

"सोडतो. मंग रस्त्यावर पडलेल्याकडे कोण जाईल? तुमी?" मग तेच म्हणाले, "पण कान तर मले पायजे, भाऊ. मैत्रीचा आवाज उंदरावाणी बारीक हाय." मैत्री त्यांची नात. जर्मनमध्ये वाढलेली. आबांनी मराठीत काही विचारलं की उत्तर जर्मनमध्ये द्यायची. फक्त रात्री निजताना त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावून एक मराठी गोष्ट सांगायची, त्यांनीच शिकवलेली, दर वेळी शेवट बदलून. त्या गोष्टीसाठी त्यांना तो कान राखायचा होता.

उपाय होता. बंदुकीच्या नळीला लावायचा ध्वनिशामक. जर्मनमध्ये शालडेम्प्फर. आवाज पार नाहीसा होत नाही, पण कान फाटायचा वाचतो. मात्र कायद्याच्या लेखी ते नळकांडं म्हणजे जणू दुसरी बंदूकच. दुकानात जाऊन पैसे टाकून मिळत नसे. दोन हजार दहानंतरच्या त्या वर्षांत राज्याराज्यांचे रिवाज वेगळे होते, आणि आमच्याकडे शस्त्रखातं प्रत्येक अर्ज सुटा पाही. शिकारीचा परवाना हवा, बंदुकीची नोंद असलेलं कार्ड हवं, घरात पोलादी कपाट हवं, माणसाची विश्वासार्हता पोलिसांकडून तपासलेली हवी. हे सगळं खोब्रागड्यांकडे होतं. अडलं ते एका शब्दावर, 'बेड्युर्फनिस'. म्हणजे गरज. ती नुसती असून चालत नाही, सिद्ध करावी लागते. गंमत अशी की जुन्या जर्मनमध्ये सार्वजनिक मुतारीच्या नावातही हाच शब्द असे. खोब्रागड्यांना हे कुठूनतरी कळलं आणि ते आठवडाभर हसत होते. "तिथं तरी सिद्ध करा लागत नाही, भाऊ! चेहऱ्यावरून समजते."

खात्यातल्या बाई समंजस होत्या. त्यांची शंका एकच होती: कानावरचं झाकण घालून हे काम का होत नाही? त्या म्हणाल्या, तुमच्याबरोबर शोधाला जाणारं कोणी असेल तर पुढच्या भेटीला घेऊन या. त्यांना पाहिलेलं सांगू द्या.

असा माणूस एकच होता.

"येता ना, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय! येणारच," मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

मधे दिवाळी आली. मंडळाचा फराळ मानहाइमच्या एका सभागृहात होता. चिवड्याच्या टेबलाशी कोणीतरी मला विचारलं, "काका, तुमचे खोब्रागडे सध्या काय करतात?" मी म्हणालो, "सायलेन्सर घेतायत."

तेव्हा मी दुसरा कुठलाही शब्द वापरायला हवा होता. ध्वनिशामक म्हटलं असतं तर लोकांनी जांभई दिली असती. पण मराठी माणसाच्या डोक्यात सायलेन्सर दोनच ठिकाणी असतो: मोटरसायकलला, नाहीतर सिनेमातल्या मारेकऱ्याच्या पिस्तुलाला.

"बाप रे! कोणाला उडवतायत?"

आणि मी, चार तरुण माणसं आपल्याकडे पाहतायत या आनंदात, म्हणालो, "पहिला नंबर मंडळाच्या खजिनदाराचा!"

सगळे हसले. खजिनदारही हसले. जिलेबी येईपर्यंत गोष्ट सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती आणि तिथे कोणी हसत नव्हतं. मुलांचा मराठीचा वर्ग खोब्रागडे घेत, त्यावरून एक आई म्हणाली, "मग आम्ही नाही बाई पाठवणार." कोणी म्हणालं, "डुकरं मारतात म्हणे." आणि कोणी त्यावर हळूच म्हणालं, "त्यांच्यात चालतं." 'त्यांच्यात' म्हणजे कोणाच्यात, हे त्या सभागृहात न सांगता सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. हातातल्या बशीत करंजी होती, ती मी खाल्ली.

निघताना एका भल्या मुलाने मला बाजूला घेतलं. पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, माझ्या मुलाच्या वयाचा. "काका, तुम्ही त्यांच्याबरोबर ऑफिसात जाणार आहात असं ऐकलं. कशाला? तुमचं नागरिकत्वाचं चालू आहे ना? शस्त्रांच्या भानगडीत नाव कशाला घालता?" घरी आल्यावर बायकोही तेच म्हणाली: "अहो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." ते कोर्ट नव्हतं. एक साधी खोली होती, खिडकीत कुंड्या असलेली. मी एकदा खोब्रागड्यांबरोबर खालपर्यंत गेलो होतो. पण मला ती म्हण पटली. भित्र्या माणसाला म्हणी लवकर पटतात.

भेटीच्या दिवशी सकाळी मी त्यांना फोन केला आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं, "घसा पार बसलाय हो. बोलताच येत नाही." ते म्हणाले, "आराम करा, भाऊ. मी पाहतो."

दुपारी दारावरची घंटा वाजली. खोब्रागडे आणि आल्झो. हातात स्टीलचा डबा. सुनंदावहिनींनी माझ्या घशासाठी आल्याचा काढा करून पाठवला होता. ते खात्यातून घरी जाऊन, तो घेऊन आले होते. मी गळ्याला मफलर गुंडाळून बसलो होतो. त्यांनी खुर्ची उचलून माझ्या डावीकडे ठेवली, नेहमीसारखी.

"नाही झालं, भाऊ," ते म्हणाले. "बाई चांगली होती. म्हणे, सोबतचा माणूस असता तर बरं झालं असतं. आता अपील करा लागते. वर्ष जाईल."

मी काढ्याचा घोट घेतला. तो चांगला तिखट होता, आणि माझ्या ठणठणीत घशाला झोंबला. खरा खोकला आला.

जाताना दारात वळून ते हसले. "सायलेन्सर बंदुकीले बसला नाही. तुमच्या गळ्याले बसला."

त्यांना माझं सोंग कळलं होतं, का ती नुसती थट्टा होती, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. विचारलंही नाही.

अपील चालू असतानाच एका पहाटे फोन आला. त्या खेपेला मी बरोबर नव्हतो. त्या काढ्याच्या दिवसापासून ते मला उठवत नसत. गाडीने उडवलेलं रानडुक्कर कड्याखालच्या दाट काटेरी जाळीत बसलं होतं. फांदीने झाकण ओढलं, डुक्कर आल्झोच्या अंगावर आलं, आणि खोब्रागड्यांनी कड्याच्या दगडी भिंतीला खेटून गोळी झाडली. आल्झो वाचला. त्यांच्या उजव्या कानात एक शिट्टी सुरू झाली आणि ती थांबली तेव्हा सोबत सगळंच थांबलं होतं.

कान तपासणीचा नवा आलेख अपिलाला जोडला गेला. त्यावर खात्याने मंजुरी दिली. गरज सिद्ध झाली होती.

मी भेटायला गेलो. दार त्यांनीच उघडलं. मी सवयीने थोडा थांबलो, ते वळसा घालून डावीकडे येतील म्हणून. ते आले नाहीत. समोर उभे राहिले आणि माझ्या ओठांकडे पाहू लागले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी असा समोरून फारसा पाहिलाच नव्हता. आत मैत्री होती. आबांची बाही ओढून ती काहीतरी सांगत होती, आणि ते मान डोलावत होते, चुकीच्या जागी.

टेबलावर ते काळं नळकांडं होतं. कार्डावर रीतसर नोंद होऊन आलेलं. मी हातवारे करून विचारलं, आता कशाला?

"आल्झोले कान हायत ना," ते म्हणाले. आवाज जरा मोठा झाला होता. बहिऱ्या माणसाचा होतो तसा. नाव ऐकून कुत्रा उठला आणि त्यांच्या पायाशी येऊन बसला.

त्यानंतरही काही हिवाळे ते जात राहिले. आता आल्झोची दोरी हातात कशी ताणते त्यावरून ते सगळं ओळखत. मला वाटतं, एकदा तरी मी म्हणायला हवं होतं की मी येतो. आणि मंडळात उभं राहून म्हणायला हवं होतं की ती थट्टा माझी होती आणि हा माणूस असा होता. मुलांचा मराठीचा वर्ग दुसऱ्या कोणाकडे गेला तो गेलाच. मला नागरिकत्व मिळालं. त्या दिवशी खोब्रागड्यांनी घरी पेढे आणले होते.

ते गेले, झोपेतच. इथल्या दफनभूमीच्या लहानशा सभागृहात पंधरा-वीस माणसं होती. त्यात हिरव्या कोटांतले शिकारी होते, आणि मागच्या रांगेत शस्त्रखात्यातल्या त्या बाई. आमच्या मंडळाचे तिघे. बुद्धवंदना झाली. मग एकेक जण शवपेटीशी जाऊन क्षणभर उभा राहत होता. माझी पाळी आली तेव्हा मी डाव्या बाजूला होतो. मी पेटीला अर्धा वळसा घातला आणि त्यांच्या उजव्या कानाशी येऊन उभा राहिलो.

बोलायचं पुष्कळ होतं. मैत्री माझ्याकडे पाहत होती. आता ती मोठी झाली होती. मी पुन्हा घसा खाकरला, आणि पुन्हा बाजूला झालो.