सात पायऱ्यांचं घर

आमच्या घराजवळच्या नाल्यात वर्षातले दहा महिने शेळ्या चरतात आणि पोरं क्रिकेट खेळतात. त्यामुळे मी नवं घर बांधायला काढलं आणि जोतं उंच हवं म्हणाले, तेव्हा गावाने मला वेड्यात काढलं. मी शाळेत शिकवते. मला कुणी वेड्यात काढलं की मी जास्तच हट्टाला पेटते.

मागच्या मोठ्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे मी चौघांना विचारलं. एक म्हणाला गुडघाभर, दुसरा म्हणाला छातीभर. जो तो आपल्या भीतीने मोजत होता. शेवटी मायला विचारलं. ती शेजारच्याच आमच्या जुन्या, बुटक्या घरात राहायची. तिने चुलीजवळचा कोनाडा दाखवला.

"इथं दिवा होता. पानी आलं अन् इझला."

गवंड्याने आपली पाणी भरलेली नळी आणली. तिचं एक टोक मी कोनाड्याला धरलं, दुसरं त्याने नव्या घराच्या खांबाला. दोन्हीकडचं पाणी एका उंचीवर थांबलं, तशी त्याने खांबावर पेन्सिलने रेघ मारली. तिच्यावर आणखी दीड फूट घे, मी म्हणाले. सात पायऱ्या झाल्या, त्यातली चौथी बरोबर त्या रेघेवर. समोर लगेच रस्ता असल्याने पायऱ्या पसरता आल्या नाहीत, उभ्याच बांधाव्या लागल्या. माय तिच्या दारात बसून सगळं बघत होती.

"पान्याले मोजलं," ती म्हणाली. "माह्या गुडघ्याले कवा मोजशीन?"

मी हसले. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच तर होता.

घरात जायच्या दिवशी दोघांनी तिला खुर्चीत बसवून उचलून वर नेलं. दिवसभर ती सगळ्यांशी गोड बोलली. संध्याकाळी खाली उतरवल्यावर मला म्हणाली, "बाजारातलं पोतं हावो काय मी? पुन्हा नाही येत." आणि खरंच आली नाही. रोज सकाळी माझ्या पहिल्या पायरीवर बसून ती चहा प्यायची, कप वरच्या पायरीवर ठेवायची, आणि काठी टेकत आपल्या घरी परत जायची. गवंडी म्हणाला होता, बाजूने उतार काढून देतो, म्हणजे तिला हळूहळू चढता येईल. दिवाळीच्या सुट्टीत करू, असं मी म्हणाले. त्या सुट्टीत मी घराला रंग दिला. पायऱ्यांच्या कडेला कठड्यासाठी सोडलेल्या सळ्याही तशाच उघड्या राहिल्या.

पुढच्या पावसाळ्यात एक दिवस सकाळपासून धो धो पाऊस लागला. मी दुसऱ्या गावी, केनवडला, शाळेत होते. पोरांना लवकर घरी सोडलं, तेवढ्यात कळलं की घरी जायच्या रस्त्यावरच्या पुलावरून पाणी चाललंय. मी मायला फोन लावला.

"माय, वरी जाय. आत्ता जाय. किल्ली हाये ना?"

"पदराले बांधली हाये. जातो बाई. तू पान्यात येऊ नको."

पाचेक मिनिटांनी शेजारणीचा फोन आला. आमच्या गल्लीतले सगळे निघून गावातल्या उंचावरच्या देवळाकडे चालले होते. "मॅडम, मायले संग नेऊ काय? आमची दोन पोरं हायेत, उचलून नेतीन."

मी म्हणाले, "ती वर गेली. माझ्या घरात आहे. तुम्ही निघा."

हे मी बोलले. कुणाचं ऐकलेलं नाही, कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही. वर त्यात थोडी ऐटही होती, कारण ज्यांनी मला वेड्यात काढलं होतं त्यांत ही शेजारीणही होती. नंतर मी स्टाफरूममध्ये बसून चहा प्याले. सोबतच्या शिक्षिका आपापल्या घराच्या काळजीत होत्या आणि मी त्यांना जोतं, नळी, कोनाडा असं सगळं समजावून सांगत होते. मधे दोनदा फोन केला, तो लागला नाही. पावसात रेंज जातेच, असं मी त्यांनाच सांगितलं.

दिवस मावळायच्या आधी पूल मोकळा झाला.

माय तिसऱ्या पायरीवर होती. बसलेली, डोकं वरच्या पायरीला टेकलेलं, एक हात कठड्याच्या सळीभोवती घट्ट आवळलेला. काठी कुठे दिसली नाही. शेजारणीने अंगावर चादर घातली होती आणि स्वतः चिखलात बसून रडत होती. डॉक्टर म्हणाले, इतका वेळ कमरेएवढ्या पाण्यात बसून हृदय बंद पडलं. मी किती वेळ ते विचारलं नाही, अजूनही विचारलेलं नाही.

चौथ्या पायरीच्या कडेवर गाळाची ओली रेघ होती, आणि तिच्या वर काही नव्हतं. मी मोजलं होतं, पाणी बरोबर तिथपर्यंतच आलं होतं.

मायला आत न्यायचं होतं. बायका म्हणाल्या, किल्ली कुठंय? मी तिच्या पदराची गाठ सोडायला बसले. ओल्याने ती गच्च बसली होती, नखांनी सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. दार उघडलं. आतली फरशी कोरडी होती.