सूत आलं नाही

शेंगांची चटणी कुटताना लसणाचा वास उठला की मला प्रयोगशाळेतला तो दिवस आठवतो, कारण आमचं औषध ज्या द्रवात विरघळवायचो तो हाताला लागला की तोंडात लसणाचीच चव यायची. पेशींवर ते औषध टाकल्यावर मी ज्याचा अभ्यास करत होते ते प्रथिन जवळजवळ नाहीसं झालं होतं, आणि औषधानंच ते मोडलं, असं मी सगळ्यांसमोर ठासून सांगितलं. सर म्हणाले, "औषध प्रथिनाला शिवतसुद्धा नाही. ते प्रथिन बनवायचा वरून येणारा संदेश अडवतं, मग जनुकापर्यंत हुकूमच पोचत नाही. जुनं प्रथिन झिजतं, नवं बनत नाही. तुला तरी हे कळायला हवं होतं. तुझ्या वडिलांचा माग कुणी मोडला का? मालकानं सूत पाठवणं थांबवलं, चादर बंद." रजा मागताना मीच त्यांना ते सांगितलं होतं. सगळे हसले. भवानी पेठेतल्या घरी वडील तेव्हा रोज त्या बंद मागाला तेल घालायचे आणि म्हणायचे, "माग चांगला हाय की, सूतच येईना." आता मीच शिकवते. हा धडा आला की तेच उदाहरण देते. पोरं हसतात, आणि त्यांना ते लगेच समजतं.