आईने ठरवलेले निळे

पडद्याच्या कापडासाठी नक्षी काढणाऱ्या वहिनींचा नव्या अ‍ॅपांवर राग होता, आणि दिरावर त्याहून जास्त. कारखाना दीर सांभाळायचा. कामगार त्याला उत्साहराव म्हणत, अर्थात पाठीमागे. अधूनमधून हा गृहस्थ कुठलंतरी अ‍ॅप डोक्यावर घेऊन नाचत यायचा, आणि ते बंद पडलं की त्याचं नावही काढायचा नाही.

वहिनींचं काम चाले एका जुन्या सॉफ्टवेअरवर. ते रेंगाळत उघडे, दिसायलाही ओबडधोबड. पण लग्न होऊन आल्यावर त्यांनी काढलेली पहिली वेल त्यात आजही जशीच्या तशी उघडायची. कापडावर प्रत्येक रंग वेगळा छापतात, म्हणून फाइलमध्येही प्रत्येक रंगाचा थर वेगळा लागतो. त्या म्हाताऱ्या सॉफ्टवेअरने एकही थर कधी इकडचा तिकडे केला नव्हता.

मग त्यांची आई अंथरुणाला खिळली. वहिनींनी सुट्टी मागितली, तर उत्साहरावाने हातात टॅबलेट ठेवला.

"वहिनी, नवीन अ‍ॅप आहे. आईंजवळ बसून काम करा. फाइली अ‍ॅपमध्येच राहतात, तुम्ही नुसतं काढा."

पटलं नव्हतं. पण आईजवळ बसता येईल म्हणून त्यांनी तो घेतला. तिच्या पलंगाशी त्यांनी निळ्या फुलांची वेल काढली. आईचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं, नजर मात्र शाबूत होती. प्रत्येक निळा ती निरखून बघायची आणि म्हणायची, "थोडा कमी." वहिनी कमी करायच्या. शेवटच्या पाकळीला तिने नुसती मान हलवली. त्याच आठवड्यात ती गेली.

पाठोपाठ अ‍ॅपही गेलं. बंद होण्याआधी फाइली उतरवून घ्या, अशी सूचना दिराच्या मेलवर आली होती. त्याने ती वाचली आणि सोडून दिली. उरलं ते एक सपाट चित्र, सगळे निळे एकमेकांत चिकटलेले. आणि नेमकी तीच नक्षी गिऱ्हाइकाला आवडली, पण थरांशिवाय ती छापता येईना.

"चित्र आहे ना, मग थर पुन्हा पाडा की," दीर म्हणाला. "त्यासाठी एक नवीन अ‍ॅप आलंय, हे बघा—"

वहिनींनी टॅबलेट त्याच्याच टेबलावर आपटला. कामगार माना वळवून बघू लागले.

"सूचना आली तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"अहो, तुमच्या घरी तसा प्रसंग. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा."

वहिनींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी ते म्हातारं सॉफ्टवेअर उघडलं, स्क्रीनवर एक निळा घेतला.

"काढते पुन्हा. पण इथे उभे राहा, भाऊजी. किती कमी करू, ते आता तुम्ही सांगा."

दिराने मान तिरकी करून पाहिलं. "चांगलाय की असाच."

वहिनींनी तो निळा पुसून टाकला, आणि तो निघून जाईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून बसल्या.