रेवासाठी भाजलेली बिस्किटं

ग्वाल्हेर सोडलं तेव्हा आईने गाडीच्या खिडकीतून बिस्किटांचा डबा आत सरकवला आणि बजावलं, "बाहेरचं खाऊ नकोस." बिस्किटं घरची होती, म्हणजे मैदा, तूप, साखर आमची आणि भाजणारा दाना ओली नावाच्या गल्लीतला भट्टीवाला. जयेंद्रगंजातल्या आमच्या घरात ओव्हन कधी नव्हताच. सगळेच असं सामान नेऊन देत. कुणी साधी बिस्किटं भाजून आणी, कुणी बदाम-काजू घातलेली. इंग्लंडमध्ये लीड्सला पोचेपर्यंत माझा डबा अर्धा झाला होता.

तुम्ही जे ग्वाल्हेरलाच राहिलात, ते माझं आताचं किचन बघून हसाल. दाण्याच्या कुटाशिवाय जिथे भाजी व्हायची नाही त्या घरातला मी, आणि माझ्या घरात शेंगदाण्याला बंदी. माझ्या मुलीला, रेवाला, दाणे, बदाम, काजू, सगळ्याची ॲलर्जी आहे. नर्सरीतल्या एका वाढदिवसाला केक खाऊन तिचे ओठ सुजले, श्वास अडकला. तेव्हापासून केक-बिस्किटं मीच करतो. चाळणी वेगळी, ट्रे वेगळे. मैद्याच्या पाकिटावरचं बारीक अक्षर दर वेळी वाचतो, कालच वाचलेलं असलं तरी. बायको म्हणते, तू बेकिंग करत नाहीस, पहारा देतोस. खरं आहे ते. ओव्हनमधून छान वास सुटतो तेव्हाही मी पाकीट पुन्हा उलटून वाचत असतो.

गेल्या हिवाळ्यात रेवाला घेऊन ग्वाल्हेरला गेलो. आईने आधीपासून घरातले दाणे बंद केले होते. मिक्सरचं भांडं नवं आणलं, एकादशीला खिचडी बिनदाण्याची खाल्ली, शेजारणींना गजक, चिक्की असलं दाण्याचं काही आणू नका म्हणून सांगून आली. आणि रेवासाठी बिस्किटं केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी निवांत बसून राहिलो. रेवाने एक खाऊन दुसरं उचललं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की या घरात ओव्हन नाही.

भाजली कुठे, मी विचारलं.

"भट्टीवर. सामान सगळं आपलं होतं रे, मी सामने उभी राहून भाजवून घेतली. यात बदाम कुठून येणार?"

त्याच पत्र्यावर आधी कुणाची बदामाची बिस्किटं भाजली असतील, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मी रेवाच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं.

"बाबा, थ्रोटमध्ये टोचतंय," ती म्हणाली.

ॲलर्जीसाठी नेहमी बरोबर बाळगतो ते इंजेक्शन मी तिच्या मांडीत दिलं. हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. तिची छाती हलतेय की नाही, एवढंच बघत होतो. हिला मी मारायलाच इथे आणलं, असं वाटत होतं. ती वाचली. डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतलं. आई बाहेर बाकावर बसून होती, आत ये म्हटलं तरी आली नाही.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी चटकन ग्वाल्हेर म्हणायचो. आता, रेवा न विचारता जिथे ताटलीकडे हात नेऊ शकते ते घर, असं मला वाटतं. ते आईचं घर नाही.

निघायच्या दिवशी आई कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन आली. रेवा तिच्याकडे धावली, तशी ती मागे सरकली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "हिला जवळ घेऊ ना मी?"